गाडीचा पाण्याचा डबा गळतो तेव्हा

 

जेवणं आटोपली असतील. भांडी राहिली असतील तर रेडिओ मोरीजवळ घेऊन बसा, हात चालू द्या आणि कान इकडे असू द्या. आज आपण गाडीबद्दल बोलणार आहोत. गाडी म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात, "ते आपलं काम नाही बाई, ड्रायव्हर जाणे आणि मिस्त्री जाणे." आम्हीही असंच म्हणायचो. त्याची किंमत आमच्या गटाने मोजली, म्हणून आजचा भाग या विषयावर ठेवला आहे.

आता कितीतरी गटांकडे स्वतःची गाडी आहे. कोणाचा माल नेण्याचा टेम्पो आहे, कोणाची सवारी गाडी. केंद्र सरकारने २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना आणली, तीही याच विचाराने, की गावाची गाडी बचत गटातल्या सदस्याने चालवावी. गाडीच्या कर्जाचा हप्ता आपण भरतो. मग तिच्या दुखण्याखुपण्याची थोडी माहितीही आपल्यालाच हवी.

पाणी जातं कुठे?

आमच्या गटाने जुना टेम्पो घेतला होता. तांदूळ, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी, वड्या असा माल भंडाऱ्याला, कधी नागपूरला न्यायचा. गाडी चालवायला गटातल्याच एका ताईचा पुतण्या. पोरगा गुणी. रोज सकाळी बोनेट उघडायचा, पाण्याच्या डब्यात बघायचा आणि म्हणायचा, "थोडं कमी झालं काकू, टाकून देतो." अर्धी बाटली पाणी टाकायचा आणि निघायचा.

पंधरा दिवस हे असंच चाललं. आम्ही रोज बघत होतो. बैठकीत पाच रुपये कमी भरले तर आम्ही रात्री उशिरापर्यंत वही तपासत बसतो. पण रोज अर्धी बाटली पाणी कुठे जातं, हे एकीलाही विचारावंसं वाटलं नाही.

मे महिना होता, नवतपा लागलेला. नागपूरला प्रदर्शन होतं. पहाटे निघायचं ठरलं, पण माल भरता भरता दहा वाजले. शहापूर गेलं, खरबी गेलं. मौद्याच्या अलीकडे काटा लाल खुणेत गेला आणि बोनेटच्या फटीतून वाफ निघायला लागली. पोराने गाडी बाजूला घेतली, उतरला, फडकं घेतलं आणि थेट डब्याच्या झाकणाला हात घातला. आमच्यातली एक वयस्कर ताई ओरडली, "अरे थांब! कुकर उतरवल्याबरोबर उघडतेत का?"

त्या एका वाक्याने पोराचं तोंड आणि हात वाचले. ताईला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण वाफ कळत होती.

गाडी मात्र वाचली नाही. हेड गॅस्केट गेलं होतं. हेड खोललं, ते मशीनवर घासायला पाठवलं, तेल बदललं. गाडी दहा दिवस उभी राहिली. प्रदर्शन हुकलं आणि कर्जाचे दोन हप्ते उशिरा गेले. आणि या सगळ्याचं मूळ काय निघालं? प्लास्टिकच्या डब्याला केसाएवढी भेग. एवढ्याशा भेगेतून पंधरा दिवस पाणी झिरपत होतं. बिल हातात देताना गॅरेजवाला हसून म्हणाला, "ताई, हे तुम्हाला नाही समजणार."

ते वाक्य आम्हाला बिलापेक्षा जास्त लागलं. मग ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांना गाठलं आणि म्हटलं, समजावून सांगा. त्यांनी दोन दुपारी बसून सांगितलं. ते आज तुम्हाला सांगतो.

इंजिनाला पाणी कशाला?

डिझेल असो की पेट्रोल, ते इंजिनात जळतं तेव्हा खूप उष्णता तयार होते. त्यातली साधारण एक तृतीयांश गाडी ओढायच्या कामी येते. तेवढीच सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जाते. उरलेली इंजिनाच्या अंगात साठते. ती बाहेर काढली नाही तर लोखंड आणि अॅल्युमिनियम फुगतं, वाकतं आणि इंजिन बसतं.

म्हणून इंजिनाच्या पोटात पाण्याच्या वाटा ठेवलेल्या असतात. एक छोटा पंप पाणी फिरवत राहतो. इंजिनात तापलेलं पाणी पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये येतं. तिथे वाऱ्याने आणि पंख्याने निवतं आणि परत इंजिनात जातं. गाडी नीट चालत असते तेव्हा या पाण्याचं तापमान ८५ ते ९५ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे उकळी फुटायच्या जरा अलीकडे.

आता स्वयंपाकघरात या. काठोकाठ भरलेलं पातेलं चुलीवर ठेवा. उकळी यायच्या आधीच थोडं पाणी काठावरून सांडतं, कारण पाणी तापलं की फुगतं. गाडीतही तेच होतं. आठ लिटर पाणी सकाळच्या गारव्यापासून नव्वद अंशांपर्यंत तापलं की पाव लिटरहून थोडं जास्त फुगतं. ते जाणार कुठे? त्याच्यासाठी बाजूला एक पांढरट प्लास्टिकचा डबा बसवलेला असतो. तापल्यावर फुगलेलं पाणी त्यात येतं, निवल्यावर परत जातं. मिस्त्री त्याला कूलंटचा डबा म्हणतात, कोणी कूलंटची बाटली किंवा नुसती पाण्याची टाकी म्हणतात. आपण डबाच म्हणू.

दुसरी गोष्ट कुकरची. कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी १०० अंशांऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. गाडीच्या झाकणातही स्प्रिंग असते आणि ती तसाच दाब धरून ठेवते. त्यामुळे आतलं पाणी शंभराच्या वर गेलं तरी उकळत नाही. पण झाकण उघडलं की दाब एका क्षणात जातो. मग सगळं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं. म्हणून पहिला नियम पक्का करा: गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही. घाई असली तरी नाही, ड्रायव्हर "काही होत नाही" म्हणाला तरी नाही.

डबे दोन प्रकारचे

आपल्या गाडीचा डबा कोणता हे आधी ओळखा, कारण दोघांचं औषध वेगळं आहे.

पहिला प्रकार साधा. रेडिएटरला स्वतःचं लोखंडी झाकण असतं. तिथून एक बारीक नळी डब्यात येते. डब्याचं प्लास्टिक पातळ, टोपण नुसतं दाबून बसणारं. या डब्यात दाब नसतो. फुगलेलं पाणी पडायला ठेवलेलं ते भांडं आहे, एवढंच समजा.

दुसरा प्रकार दाबाचा. हा बऱ्याच नव्या गाड्यांत असतो. रेडिएटरवर झाकण नसतंच. डब्यालाच आट्यांचं जाड झाकण असतं आणि डब्याला दोन-तीन नळ्या जोडलेल्या असतात. इथे डबाच कुकर आहे. सगळा दाब त्याच्या अंगावर येतो.

दोन्ही डब्यांवर वर आणि खाली अशा दोन खुणा असतात. गाडी थंड असताना पाणी या दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेपर्यंत काठोकाठ भरू नका, फुगायला जागा ठेवा.

डबा गळतो का?

प्लास्टिक रोज तापतं, रोज निवतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. चार-सहा वर्षांत प्लास्टिक पिवळं पडतं, कडक होतं आणि खड्ड्यांच्या धक्क्यांनी तडकतं. बहुतेक वेळा भेग तीन ठिकाणी असते: डब्याच्या दोन अर्धुकांचा जोड असतो तिथे, नळी बसते त्या तोटीच्या बुडाशी, किंवा बोल्ट कसतो त्या कानाजवळ.

कधी डबा चांगला असतो आणि झाकणाचं रबर गेलेलं असतं. कधी नळीची क्लिप ढिली असते. कधी नळीच फुटलेली असते. म्हणून डबा आणायला धावण्याआधी गळती शोधा. मिस्त्रीकाकांनी सांगितलेली पद्धत अशी:

संध्याकाळी गाडी थंड झाल्यावर डबा, नळ्या आणि आजूबाजूची जागा ओल्या फडक्याने पुसा, मग कोरडी करा. पाण्याच्या पातळीवर पेनाने रेघ मारा. गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरा. दुसऱ्या दिवशी गाडी नेहमीसारखी चालवा आणि आल्यावर पुन्हा पुठ्ठा टाका. बारीक भेग गरम झाल्यावरच उघडते, म्हणून थंड गाडी बघून "गळत नाही" असं ठरवू नका.

बॅटरी लावून डबा बघा. जुन्या गळतीच्या जागी पांढरा, हिरवट किंवा गुलाबी थर वाळलेला दिसतो, माठ पाझरतो तिथे क्षार साचतात तसा. कूलंटचा वास गोडसर असतो, तोही ओळखू येतो. पुठ्ठ्यावर नुसतं स्वच्छ, बिनवासाचं पाणी असेल आणि गाडीत एसी लावला असेल, तर ते एसीचं पाणी आहे, घाबरू नका.

भेग सापडलीच नाही तर डबा काढून, दोन-तीनदा धुऊन, तोट्या बुचाने बंद करून बादलीत बुडवा आणि सायकलच्या पंपाने अगदी हळू हवा भरा. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरतो तसं. बुडबुडे येतील तिथे भेग आहे. तोंडाने फुंकू नका, का ते पुढे सांगतो.

आणि समजा बाहेर कुठेच ओल नाही, तरी पाणी कमी होतं. मग जरा जास्त काळजी. तेलाची पट्टी काढून बघा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर आला, किंवा गाडी चालू असताना डब्यात बुडबुडे दिसत राहिले, तर पाणी आतल्या आत जातं आहे. तिथे डबा बदलून काही होणार नाही. गाडी न चालवता मिस्त्रीला बोलवा.

रस्त्यात गाडी तापली तर

हे वहीत लिहून घ्या आणि ड्रायव्हरच्या सीटसमोर चिकटवा.

एक. काटा लाल खुणेकडे सरकला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. "पुढच्या ढाब्यापर्यंत नेतो" असं म्हणू नका. आमचं हेड त्याच दोन-तीन किलोमीटरात गेलं.

दोन. वाफ येत असेल तर बोनेटपासून लांब उभे राहा. वाफ थांबल्यावर बोनेट उघडा, झाकणाला हात लावू नका. अर्धा-पाऊण तास थांबा. नवतप्यात तासभर थांबा.

तीन. वरची जाड नळी बोटाने दाबून बघा. ती कडक आणि गरम असेल तर आत दाब आहे. मऊ आणि कोमट झाली तर जाड गोणपाट किंवा घडी केलेला टॉवेल झाकणावर टाका, तोंड बाजूला करा आणि झाकण थोडंसंच फिरवा. सूं आवाज थांबेपर्यंत तिथेच ठेवा, मग पूर्ण काढा.

चार. गरम इंजिनात गार पाणी ओतू नका. तापलेल्या बिडाच्या तव्यावर थंड पाणी पडलं की तो तडकतो, तसंच हेडही तडकतं. इंजिन निवल्यावर थोडं थोडं पाणी टाका. अडचणीच्या वेळी पिण्याचं स्वच्छ पाणी चालतं.

पाच. मग हळू, काट्याकडे बघत, जवळच्या गॅरेजपर्यंत. दर थोड्या अंतरावर थांबून पातळी बघा. एक लक्षात ठेवा, पाणी पूर्ण संपलं की काटा कधीकधी खाली येतो, कारण तो मोजतो ते पाणीच तिथे उरलेलं नसतं. "काटा उतरला, गाडी निवली" असं समजून फसू नका.

कोणी भाजलंच तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी धरा. हळद, टूथपेस्ट, तेल, बर्फ काही लावू नका. फोड फोडू नका. तोंड, डोळे, हात भाजले असतील तर १०८ ला फोन करा.

चिकटवायचा की बदलायचा?

आम्हाला हेच सगळ्यात आधी सुचलं होतं, की मळून लावायची लांबी घ्यायची आणि भेग बुजवून टाकायची. बादलीला चालतं, डब्याला का नाही?

अडचण अशी, की यातले बरेच डबे पॉलीप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचे असतात. त्याचं अंग तेलकट भांड्यासारखं, त्यावर गोंद किंवा लांबी धरतच नाही. वरून घट्ट दिसते आणि दोन-चारदा तापली की पापुद्र्यासारखी निघते. नवीन म्हणून बसवलेली ती लांबी भर रस्त्यात सुटते.

पहिल्या प्रकारचा बिनदाबाचा डबा असेल तर तापलेल्या इस्त्रीसारख्या अवजाराने प्लास्टिक वितळवून भेग जोडणारे कारागीर असतात. ती जोड काही महिने टिकू शकते. पण दाबाच्या डब्याला जोड देऊ नका. फुटक्या कुकरला आपण लांबी लावतो का? तो बदलायचाच.

खर्चाचा हिशेबही तेच सांगतो. गाडीप्रमाणे डबा काही शे रुपयांपासून हजार-दीड हजारापर्यंत येतो. हेडचं काम त्याच्या कितीतरी पट. डब्याचे पैसे वाचवायला जाऊन आपण हेडचं बिल ओढवून घेतो.

क्लिप ढिली असेल तर नवी क्लिप टाका. झाकणाचं रबर चपटं किंवा तडकलेलं असेल तर झाकण बदला. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा असतो, नव्या झाकणावर तोच हवा. दुकानदार म्हणाला, "बसतं ना, घेऊन जा," तरी आकडा बघा. आट्या जुळल्या म्हणजे दाब जुळला असं नाही.

डबा बदलताना

काम अर्ध्या-एक तासाचं आहे. आमच्या गटातल्या दोघींनी मिस्त्रीकाकांसमोर केलं. लागतात त्या वस्तू: पक्कड, पेचकस, दहाचा पाना, एक पसरट टोपलं, फडकी, नवा डबा, झाकण, दोन क्लिपा आणि कूलंट. ते टोपलं नंतर घरात वापरायचं नाही.

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. आधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा, कोणती नळी कुठे आहे ते दिसलं पाहिजे. हे फोटो आम्हाला फार कामी आले.

झाकण काढा. टोपलं खाली ठेवा. क्लिप पक्कडीने दाबून नळीवर मागे सरकवा. नळी सरळ ओढू नका, आधी थोडी फिरवून मोकळी करा, नाहीतर तोटी तुटते किंवा नळी फाटते. काही गाड्यांत डब्याच्या बुडाशी पाणी कमी झाल्याचा दिवा लावणारी वायर असते, तिची पिन हळूच काढा. मग बोल्ट खोलून डबा उचला.

नवा डबा जुन्याशेजारी ठेवून बघा. तोट्या तितक्याच आहेत का, जाडी तीच आहे का, कान त्याच जागी आहेत का. नळ्यांची टोकं कडक किंवा चिरलेली असतील तर नळीही बदला. जुन्या चिरक्या नळीवर नवा डबा म्हणजे पुन्हा तेच.

डबा बसवा, बोल्ट बेताने कसा. जास्त कसला तर प्लास्टिकचा कान तुटतो. नळ्या पूर्ण आत ढकला, क्लिपा लावा, पिन जोडा. कूलंट दोन खुणांच्या मध्ये येईल इतकं हळूहळू भरा.

आता हवा काढायची. हे काम घाईत लोक विसरतात. नळ्यांत हवा अडकली की पाणी फिरत नाही आणि भरलेल्या डब्यानिशी गाडी तापते. काही गाड्यांत हवा काढायचा छोटा स्क्रू असतो. नसेल तर हीटर गरमवर ठेवून गाडी चालू करा, वरची जाड नळी हळू दाबा-सोडा, पातळी खाली गेली की भरा. बुडबुडे थांबले की झाकण लावा. इथे गाडीसोबत आलेलं पुस्तक बघा किंवा पहिल्या वेळी मिस्त्रीला उभं करा, कारण प्रत्येक गाडीची रीत थोडी वेगळी असते. पंखा फिरताना बोटं, पदर, ओढणी, वेणी लांब ठेवा. पदर खोचून, केस बांधूनच कामाला लागा. काही गाड्यांत पंखा इंजिन बंद केल्यावरही अचानक सुरू होतो.

पंखा एकदा सुरू होऊन बंद झाला की इंजिन बंद करा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत पातळी बघा, कमी असेल तर भरा. पुढचे तीन-चार दिवस रोज बघा. पातळी एका जागी राहिली की काम झालं.

साधं पाणी की कूलंट?

एका ऐकणाऱ्या ताईने विचारलं होतं, "आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग महागाचं कूलंट कशाला?"

ताई, कूलंट फक्त बर्फासाठी नसतं. त्याने पाणी उशिरा उकळतं आणि आतलं लोखंड, अॅल्युमिनियम गंजत नाही. बोअरचं जड पाणी रोज टाकलं तर पाणी तापवायच्या भांड्याला पांढरा थर बसतो तसा इंजिनाच्या वाटांत बसतो. थर बसला की उष्णता बाहेर पडत नाही आणि रेडिएटर चोंदतं.

कूलंट दोन तऱ्हांनी मिळतं. एक तयार, तसंच ओतायचं. दुसरं घट्ट, त्यात बॅटरीत टाकतो ते डिस्टिल्ड पाणी मिसळायचं, बहुधा अर्धं-अर्धं. डब्यावर वाचा. रंगावर जाऊ नका, हिरवा-गुलाबी रंग कंपनी आपल्या मनाने ठरवते. वेगवेगळी कूलंट मिसळली तर कधीकधी गाळ होतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच घ्या.

गोड विष

आता सगळ्यात महत्त्वाचं. कामं थांबवून ऐका.

बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. रंग सरबतासारखा, चव गोड, म्हणून लहान मुलं पितात, कुत्री चाटतात, गुरं तोंड घालतात. आधी माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, उलट्या होतात, मग मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. थोडं जरी पोटात गेलं तरी उलटी करवू नका, वाट बघू नका, १०८ बोलवा किंवा थेट दवाखान्यात जा आणि कूलंटचा डबा सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना काय पोटात गेलं ते कळेल.

आपल्या घरात रिकामी बाटली फेकत नाही, ही चांगली सवय आहे. पण कूलंटच्या बाटलीत पाणी, तेल, ताक काहीही भरू नका. तिला भोकं पाडून टाकून द्या. आणि पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कूलंट भरून ठेवू नका.

काढलेलं जुनं कूलंट अंगणात, नालीत, बोडीत ओतू नका. आपला जिल्हा तलावांचा आहे. त्याच पाण्यावर धान आहे, मासे आहेत, गुरं आहेत. जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर 'विष' लिहा आणि गॅरेजमध्ये द्या. सांडलेल्या जागी माती किंवा राख टाकून ती गोळा करा, मग जागा धुवा.

गॅरेजमध्ये काय विचारायचं?

सगळं आपणच करायला हवं असं नाही. पण गॅरेजमध्ये उभं राहून चार प्रश्न विचारता आले पाहिजेत. गळती नेमकी कुठे आहे, मला दाखवा. डबा कंपनीचा की लोकल? झाकण आणि क्लिपा बदलल्या का? हवा काढली का? जुना डबा परत मागा आणि बिल घ्या. जो मिस्त्री खरं काम करतो तो या प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्यालाही बरं वाटतं, की समोरच्याला काम कळतं.

आमच्या गटाने बैठकीच्या वहीत आता एक पान गाडीचं केलं आहे. दर सोमवारी सकाळी, गाडी थंड असताना, पाळीने एक ताई बोनेट उघडते आणि चार गोष्टी लिहिते: कूलंटची पातळी, तेलाची पातळी, टायरची हवा, गाडीखालची ओल. खाली सही. पातळी सलग दोन आठवडे उतरली तर गाडी आधी गॅरेजला जाते, मग मालाला. पहिल्या सोमवारी ड्रायव्हर पोरगा गालात हसत होता. आता एखादा सोमवार चुकला तर तोच फोन करतो, "काकू, आज कोणाची पाळी?"

आपल्याच जिल्ह्यात, गडेगावला, अशोक लेलँडच्या कारखान्यात अवजड गाड्यांचे गिअरबॉक्स तयार होतात. गाडीचं काम आपल्यापासून लांबचं नाही, आपल्याच मातीत होतं. धान रोवणीला चिखलात वाकून ओळ सरळ ठेवणारे हात दहाचा पानाही फिरवू शकतात.

तर मैत्रिणींनो, उद्या सकाळी एकच काम करा. गाडी थंड असताना बोनेट उघडायला सांगा, डबा बघा, आणि पाणी दोन खुणांच्या मध्ये आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. कमी असेल तर पाणी टाकण्याआधी विचारा: ते गेलं कुठे?

पुढच्या भागात टायर आणि ब्रेकबद्दल बोलू. तुमचे प्रश्न गटाच्या बैठकीत लिहून आमच्याकडे पाठवा. भेटू या. नमस्कार.